परदेशी भाषा : मराठी

ओट्यावर पसरलेल्या जुन्या टॉवेलवर धुतलेल्या सांबाराचा हिरवागार ढीग, आणि त्याच्यावर वाकलेली आई... अमेरिकेतल्या बॉथेलमधलं माझं बालपण आठवू लागले की आधी हेच दिसतं. खिडकीबाहेर देवदारांवरून दिवसभर झिरपणारा करडा पाऊस, हीटरची कोरडी ऊब, आणि घरभर तो ओला, हिरवा, किंचित तिखट गंध. पुण्या-मुंबईकडे जिला कोथिंबीर म्हणतात, तिला आमच्या नागपूरकडच्या घरात सांबार म्हणत. आई प्रयोगशाळेतून थकून यायची, बाह्या सरसावायची आणि म्हणायची, "काय करून राहिली तू? ये, निवडू लाग." मग खोबरं, तीळ, खसखस भाजल्याचा खमंग वास, बेसनाच्या पातळ पोळीत गुंडाळलेलं सारण, कढईतली चुरचुर — आणि सांबारवडी. ती भाषा मला कुणी शिकवली नाही. तळणीच्या वासासारखी ती अंगात मुरत गेली.

हायस्कूलमध्ये मी पंधरा-सोळा वर्षांची असताना शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मला बोलावलं. कॉलेजला परदेशी भाषेची अट असते, ती आत्ताच पुरी करता येईल, त्या म्हणाल्या; घरी दुसरी भाषा बोलत असशील तर परीक्षा दे, क्रेडिट मिळेल, स्पॅनिशचे वर्ग करावे लागणार नाहीत. मी हरखले. स्पॅनिशच्या तासाला जीवशास्त्राचा वरचा वर्ग होता आणि मला तो हवा होता. आईची भाषा 'परदेशी' या सदरात बसते आहे, हे तेव्हा टोचलं नाही... बाई "मराठी" हा शब्द जिभेवर घोळवून पाहत होत्या, एवढंच आठवतं.

शाळेकडे मराठीचा परीक्षक नव्हता, म्हणून शनिवारी भाड्याच्या खोलीत मराठीचा वर्ग घेणाऱ्या एका बाईंना विचारण्यात आलं. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळी मुलं त्यांना काकू म्हणत, मीही काकूच म्हणेन. त्या खोलीत ओल्या जॅकेटांचा कुबट वास होता. काकूंनी मला समोर बसवलं आणि घरी होणाऱ्या एखाद्या पदार्थाविषयी बोलायला सांगितलं. मी आनंदाने सांबारवडीबद्दल बोलू लागले. सांबार कसा निवडायचा, कसा बारीक चिरायचा, सारणात किती दाबून भरायचा... काकूंनी हात वर केला. सांबार पातळ असतो, तो वडीत कसा भरणार, असं म्हणून त्या हसल्या. मी समजावू लागले तेव्हा त्यांनी विषय बदलला. आडनाव विचारलं. मग बाबांचं गाव. मग घरी कोणता देव असतो. मी सांगितलं, आमच्या घरी बुद्धवंदना होते.

"अच्छा," काकू म्हणाल्या. "म्हणून भाषा अशी."

मला त्या 'म्हणून'चा अर्थ कळला नाही. मी अमेरिकेत जन्मलेली मुलगी. हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं. आई घ्यायला आली तेव्हा गाडीत बसून मी तिला सहज विचारलं, "आई, what did she mean, म्हणून?" आईने गाडी कडेला घेतली. वायपर फिरत राहिले, ती समोर बघत राहिली, आणि मग तिने मला हळूहळू सगळं सांगितलं — कॉलेजात मैत्रिणी आडनाव ऐकून कशा गप्प व्हायच्या, मुलाखतीत गाव का विचारतात, ती आणि बाबा इतके समुद्र ओलांडून का आले. ती रडली नाही. मी रडले, आणि ते रडू दुःखाचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काकूंनी शाळेला कळवलं की मुलीची मराठी अपेक्षित पातळीची नाही, तिला स्पॅनिशच घेऊ द्यावं. त्या शनिवारी आई माझा हात धरून त्या खोलीत गेली. काकू गोड आवाजात म्हणाल्या की हे मुलीच्याच भल्यासाठी आहे, कॉलेजला शुद्ध भाषा लागते, बोली चालत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही पोरीची भाषा तपासली का आमचं घर?"

काकू टेबलावरची पुस्तकं आवरू लागल्या. बाकीचे पालक फळ्याकडे, बुटांकडे, फोनकडे बघत राहिले. त्यातले कित्येक आमच्याकडे जेवून गेले होते. काकूंपेक्षा मला आजही त्यांचाच राग जास्त येतो.

आई समुपदेशक बाईंकडे गेली, ईमेलवर ईमेल करत राहिली, आणि अखेर दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी व्हिडिओवर माझी परीक्षा घेतली. त्यांनीही एखादा पदार्थ सांगायला सांगितलं. मी मुद्दाम, दात आवळून, तीच वडी सांगितली. "सांबार म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरं, आमच्याकडे कोथिंबीर म्हणतात," ते म्हणाले. "पुढे सांग." बस्, एवढंच! कुणाचं काही बुडालं नाही, भाषा विटाळली नाही. क्रेडिट मिळालं, जीवशास्त्राचा वर्ग मिळाला, कॉलेजची अट कॉलेजचं तोंड पाहण्याआधीच पुरी झाली. बाबांनी पेढे आणले. मी एकही खाल्ला नाही.

पुढे मी मराठी लिहायला शिकले. हट्टाने, शब्दकोश उशाशी घेऊन. आज हे जे वाचता आहात ते त्या संतापाचंच लेखन आहे. लोक म्हणतात, तुमची भाषा किती छान, अमेरिकेतल्या वाटत नाही. मी आभार मानते, आणि आतून पेटते.

कारण त्या शनिवारनंतर आई बदलली. आधी मराठी लोकांत, मग दुकानात, मग घरात, माझ्याशीसुद्धा, ती आपले नागपूरकडचे शब्द पाखडून टाकून बोलू लागली. परीक्षा मी दिली होती आणि निकाल तिने मनावर घेतला. मी कितीदा सांगितलं, भांडले. ती नुसती हसते.

मी आता जर्सी सिटीत राहते. सुट्टीत बॉथेलला जाते तेव्हा कधीतरी नागपूरहून मावशीचा फोन येतो, आणि आई फोन घेऊन गॅरेजमध्ये जाते, दार लोटून घेते. मी दाराच्या अलीकडे उभी राहते. शब्द नीट कळत नाहीत, पण आवाज कळतो — मोकळा, खालच्या पट्टीतला, मधेच खळाळून हसणारा... मग दार उघडतं.

"जेवायला बसू या ना?" आई विचारते. एकेक अक्षर स्वच्छ, निर्दोष.