आमच्या भुरीनं केस जिंकली

मित्रांनो, आज आपण जिंकलो! गावतलावात घाण सोडणारा कारखान्याचा पाइप ताबडतोब बंद करा, असा हरित लवादाचा आदेश दुपारी झाला. तलावाची सफाईही कारखान्याच्याच खर्चानं. "कंपनीशी कोण भांडणार?" म्हणणाऱ्यांनो, घ्या आता!

आंधळगावच्या चहाटपरीवर आम्ही सारे माझ्या मोबाइलला चिकटून सुनावणी बघत होतो. कारखान्याचे वकील छातीठोकपणे म्हणाले, "पाणी एकदम स्वच्छ आहे."

न्यायमूर्तींनी पाहणीचा पंचनामा उघडला. पाण्याचा तपासणी अहवाल वाईट होताच, पण त्यांनी पंचनाम्यातली एक ओळ मोठ्यानं वाचली. 'भर उन्हात म्हशी तलावाच्या काठावर आल्या आणि पाणी हुंगून, न उतरताच परत फिरल्या.'

मग चष्म्यावरून बघत विचारलं, "वकीलसाहेब, या म्हशींना कुणी शिकवून आणलं होतं का?"

इकडं टपरी हसून हसून लोळली!

ती ओळ लिहून घ्यायला लावली होती आमच्या शेजारच्या दामूकाकांनी. त्या म्हशींत त्यांची भुरीही होती. पाहणीच्या दिवशी ते पंचनामा लिहिणाऱ्या साहेबांपुढं अडूनच बसले होते, "लिवा साहेब! म्हैस खोटं नाही बोलत."

आज काका बाकावर चढून ओरडले, "माह्या भुरीनं केस जिंकली रे पोट्टेहो! आज तिले दुप्पट सरकीची ढेप चारतो!"

तुमच्या गावच्या तलावात म्हशी उतरतात का? उद्याच बघा. उतरत नसतील तर घाबरू नका, तक्रार करा. साक्षीदार तुमच्या गोठ्यातच बांधलेला आहे.