पहिल्या वाटीतला खांब

टँकरला उशीर झाला की हंड्यांच्या मागं आमच्या गोष्टीही रांगेला लागतात. चाकणजवळच्या आमच्या गावात हल्ली त्या एकाच जागेच्या असतात, टेकडीवरच्या खडकाच्या. त्यात कुणी कोरलेल्या वाट्या आहेत, दोन-चार हरणं आहेत. बाळ सव्वा महिन्याचं झालं की त्याला अनवाणी पायानं तिथं न्यायचं आन् पहिल्या वाटीपासून एकेका वाटीत दुधाचा थेंब सोडायचा. सासूनं मला शिकवलं, मी सुनेला.

*

एक दिवस जीपमधून पुरातत्त्व खात्याचे साहेब उतरले. "आजी, हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे. गावकऱ्यांपासून जपायला हवं!"

"आन् आजवर कुणी जपलं? तुमच्या जीपनं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. एवढंच!

*

मग जाळी आली, गेट आलं, कुलूप आलं. गेटवर वॉचमन, लातूरकडचा बालाजी. माझी शेळी नुसती जाळीशी गेली तर ओरडला, "आजी, शेळी अलाउड नाही!"

टेकडीच्या मागच्या अंगानं मात्र डंपर भरभरून मुरूम चाललेला! अर्धी टेकडी खाल्ली मेल्यांनी!

"त्यांना अडव की रं!"

"माझी ड्यूटी निस्ती गेटची, आजी."

*

लोकांना विचारूनच सगळं करायचं म्हणून खात्यानं मीटिंग ठेवली. कुठं? चिंचवडच्या एसी हॉटेलात! गावातून एकटे सरपंच गेले. परतल्यावर आम्ही बायांनी गाठलं. "खडकाकडं जायच्या आमच्या वाटेचं काय ठरलं?"

"तो विषय जेवणानंतर होता."

"मग?"

"जेवण लई भारी होतं!"

*

पाटी लावायला कंत्राटदाराची माणसं आली. खांबाला खड्डा हवा, खडक काही फुटेना. गेटबाहेर आयताच खड्डा दिसला. सिमेंट ओतलं, खांब उभा!

नातसुनेनं पाटी वाचून दाखवली, "येथील कोरीवकामास हात लावल्यास शिक्षा होईल."

मी खांबाच्या बुडाशी बघितलं. आमची पहिली वाटी!

*

गेल्या महिन्यात माझा पणतू सव्वा महिन्याचा झाला. नातसून दिघीची, कंपनीत नोकरीला, पण म्हणाली, "आजी, जायचंच." गेलो. कुलूप.

बालाजी म्हणाला, "किल्ली साहेबाकडं."

"असू दे. पहिली वाटी तर भाईरच हाय!" मी खांबाला हळदकुंकू लावलं, बुडाशी दूध सोडलं.

"बाकीच्या राहिल्या ना, आजी," नातसुनेचे डोळे भरले.

मग गावातल्या बाकीच्या लेकुरवाळ्याही येऊ लागल्या. पाटीचं अक्षर हळदीखाली दिसेना. आलेल्यांना चपला बालाजीच लांब काढून ठेवायला लावू लागला.

काल पुन्हा पणतूला घेऊन गेले, तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"सरकारी पाटीची ही दशा? पुसा आधी!"

कुणी हललं नाही. साहेब स्वतःच रुमाल काढून पुढं झाले. बालाजी आडवा उभा राहिला.

"साहेब, आधी बूट काढा. आन् किल्ली द्या इकडं."