खसखशीविना धोंड्याचा महिना

अफूच्या बोंडाने मानवजातीचा इतिहास घडवला आहे. प्राचीन देवतांच्या हातात ते दिसतं, वैद्यांच्या बटव्यात ते होतं, त्याच्यापायी आरमारं निघाली आणि साम्राज्यं खिळखिळी झाली. आमच्या आळे गावातल्या जुन्या बायाही तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवून शेतावर जात, असं मी लहानपणी ऐकलेलं आहे. आता त्या कामाला मोबाइल आहे. एवढ्या थोर वनस्पतीचा आमच्या घराशी संबंध आला तो अनारशापुरता.

लेकीचं लग्न झालं आणि पहिलाच धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून अनारशांचं वाण द्यायचं असतं. जावई दुबईत. त्याला रजा नव्हती, म्हणून वाणच जावयाकडे निघालं. बायकोचा पहिला विमानप्रवास. तिला विमानाची भीती नव्हती. पीठ बिघडलं तर अनारसा तुपात सोडताच विरघळून पसरतो, त्याला अनारसा हसला म्हणतात. तिला भीती होती ती त्याची.

खसखस आणायला आम्ही नारायणगावात नेहमीच्या शेठकडे गेलो. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ मराठीत आमच्यापेक्षा जास्त भांडतात. बेत ऐकून त्यांनी खसखशीची बरणी पुन्हा फळीवर ठेवली.

“वहिनी, ही अफूच्याच बोंडातली. आपल्याकडं मसाला, तिकडं गुन्हा. पावण्याला अनारसे द्यायला चाललाय का त्याच्याकडनं जेलात डबा घ्यायला?”

“खसखशीनं कुणाला नशा झाल्याचं ऐकलंय का कधी?”

“मी न्हाई ऐकलं. पण तिथं मला कोण विचारतंय?”

ही बातमी माझ्या बहिणीपर्यंत आमच्या आधी पोहोचली. धर्मशास्त्राचा मक्ता आमच्या घरात तिच्याकडे आहे.

“बिनखसखशीचा अनारसा जावयाला? त्यापरीस बिस्किटाचा पुडा न्या, वहिनी. निदान त्याला चव तरी असती.”

बायकोने कढई खाली काढली. हे लक्षण चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर प्रयोगशाळा झालं आणि मी तिथला उंदीर. तीळ लावले, ते तडतडून तुपात पळाले. रवा लावला, अनारसा दिसायला बरा झाला, पण चव सांज्याच्या वाटेला गेली. नारळाचा कीस करपला. मी प्रत्येक वेळी “चांगलाय की” म्हणत होतो, आणि ती प्रत्येक वेळी माझ्याकडे न बघता पुढचं पीठ मळत होती.

मग तिने आंबेगावच्या डोंगराकडच्या भावाने दिलेला घरचा तांदूळ काढला. ज्या तांदळाचं पीठ, त्याचीच कणी. पाट्यावर बारीक भरडली, मैद्याच्या चाळणीत धरून पीठ उडवलं, उरलेली कणी नावापुरती भाजली आणि त्यावर अनारसे थापले. कणीची बाजू वर ठेवून, झाऱ्याने तूप उडवत तळले. एकही हसला नाही. जाळी पडली, रंग आला, आणि वर हुबेहूब खसखस.

“लई भारी,” मी म्हणालो. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं.

ते किती हुबेहूब झालं होतं, हे दुबईच्या विमानतळावर कळलं. कस्टमच्या साहेबाने डबा उघडला, एक अनारसा उजेडाकडे धरला आणि विचारलं, “खशखाश?”

परदेशातला पहिला शब्द, आणि तोही ओळखीचा! बायकोचा चेहरा उजळला. तो शब्द त्यांच्याकडचाच, आपल्याकडे पाहुणा, हे मी कुठेसं वाचलं होतं; म्हणजे तो अफूच्या बोंडातल्या खसखशीचंच विचारत होता. ती अभिमानाने मान डोलावणार, एवढ्यात मी तिचा हात दाबला.

“खशखाश न्हाई,” ती सावरून म्हणाली. “चावल! तांदूळ! घरका!” आणि साहेबाच्या हातातला अनारसा घेऊन तिने त्याच्यासमोर कडकन चावला.

साहेबाने दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दोघांनी कणी नखाने फोडली, हुंगली, बोटांत चुरली. जाणकार परीक्षक जसे गंभीर असतात तसे ते गंभीर होते. बायको पदर खोचून उभी होती, स्पर्धेच्या निकालाला उभी असावी तशी. शेवटी पहिल्या साहेबाने डबा नीट बंद केला, दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवला आणि हसून म्हणाला, “माशाअल्लाह, आंटी.”

बाहेर येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे होती. लेक गळ्यात पडायच्या आत तिने फोन मागून घेतला आणि माझ्या बहिणीला सांगितलं, “ताई, दोन-दोन साहेबांनी तपासली. त्यांनाबी खसखसच वाटली!” पलीकडून बहिणीने कृती विचारली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने वहिनीला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

संध्याकाळी चांदीच्या ताटात, निरांजन लावून, जावयाला वाण दिलं. त्याने वाकून नमस्कार केला, अनारसा उचलला आणि चमच्याने वरची कणी नीट खरवडून ताटाच्या कडेला ठेवली.

“त्याला खसखस आवडत नाही,” लेक म्हणाली. “लहानपणापासून असंच खातो.”