ताटलीतली राख

धुळ्याच्या पोस्टात मी खिडकीवर बसायचो तेव्हा दर सोमवारी एक निवृत्त शाळामास्तर यायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी घराच्या आढ्याला गवंड्याचा ओळंबा टांगला होता आणि त्याच्या टोकाखाली राखेची ताटली ठेवली होती. जमीन हलली की राखेत रेघ उमटणार आणि आबा ती वेधशाळेला कळवणार!

रेघ तर रोजच उमटायची, कारण शेजारी कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. आबा तेही इमानाने लिहायचे: 'रेघ एक. कारण, फॅक्टरीचं इंजिन.' पाकीट बंद करण्याआधी ते मला आठवड्याचा अख्खा तक्ता वाचून दाखवत. मागे रांग खोळंबायची आणि माझं डोकं उठायचं.

एका दुपारी खरोखरच भूकंप झाला. टपालाच्या थैल्या धडाधड पडल्या, सगळं गाव रस्त्यावर आलं. पुढच्या सोमवारी मी आपणहून म्हटलं, "आबा, आज वाचाच!"

त्या दुपारचा रकाना कोरा होता.

"अहो, घरोघरी भांडी पडली! लिहा की एक रेघ. कोण बघायला येतंय?"

आयुष्यभर शुद्ध मराठी शिकवलेले आबा चिडून घरच्या बोलीवर आले. "बठ्ठं खरं शे, भाऊ. पन ताटलीमा रेघ नही शे."

सगळं खरं, पण ताटलीत रेघ नाही! मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी माझाच टाक मागितला आणि, रांग ताटकळत असताना, रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'भूकंप झाला. निरीक्षक त्या वेळी राख बदलत होता.'