रोमिंगवर असलेले साडू

आपण कुठे आहोत हे जगाला कळत राहावं, याची आमच्या साडूंइतकी काळजी अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणी वाहिली नसेल. ते सुप्याच्या एका कारखान्यात खरेदी बघायचे. मालक मुंबईचे, म्हणून साडूंना मिळालेला मोबाईलही मुंबईच्या नंबरचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे मोबाईल नुकता कुठे दिसू लागला होता, आणि रोमिंग एकट्या साडूंना कळलं होतं. "आपला फोन हितं पाव्हना हाय," ते सांगायचे. "मुंबईच्या कंपनीचा टॉवर हितं न्हाई. हितल्या कंपनीशी तिचं ठरलंय, म्हणून ही ठेवून घेती. पन कुठं उतरलोय ते घरी, मुंबईला, कळवाया लागतं." फोन हे आपोआप कळवतो यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गाव बदललं की ते फोन बंद करून पुन्हा चालू करत आणि पडद्यावर सिग्नलच्या कांड्या दिसेपर्यंत कुणाशी बोलत नसत. एकदा नगरच्या स्टँडवर त्यांनी सुटलेली एसटी थांबवली होती: "कंडक्टर, दम धरा, हजेरी लागू द्या!" आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून 'हॅलो' त्यांनी सोडूनच दिलं होतं. थेट "काय झालं?" विचारत. समोरचा घाबरून जायचा.

माझ्या मुलीचा साखरपुडा संगमनेरच्या पुढे, डोंगरातल्या अकोल्याला ठरला, तेव्हा त्यांची लेक मस्कतला होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरलेले. बाळ झालं की जावई याच नंबरवर लेकीला फोन जोडून देणार होते आणि अकोल्यात टॉवर नव्हता. 'तुम्ही राहू द्या' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. घरातले थोरले तेच. थोरल्या मेहुणीबाई सुप्याला घरच्या फोनजवळ थांबल्या आणि साडू आले. जवळचा टॉवर संगमनेरला, म्हणून मांडवात खुर्ची फिरवून तिकडे तोंड करून बसले. व्याही म्हणाले, "अहो पाव्हनं, नवरी इकडं हाय!" साडू हसले नाहीत. मला हळूच म्हणाले, "मस्कतचा फोन आधी मुंबईला जानार. मुंबई इचारनार, गडी कुठाय? तिला काय ठावं, मी हितं डोंगरात?" नारळही त्यांनी फोनकडे बघतच दिला. ओटी भरून होताच ते एका जीपला लटकले. संगमनेरच्या वाटेवर एक कांडी येते, असं कुणीतरी सांगितलं होतं.

ते गेले आणि समोरचा एसटीडी बूथवाला धावत आला. मेहुणीबाईंचा फोन होता. मोबाईल लागेना म्हणून जावयांनी घरी कळवलं होतं: मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी कुणाची तरी मोटरसायकल घेऊन निघालो.

साडू मैलाच्या दगडावर उभे होते, फोन डोक्याच्या वर धरून. मला बघताच ओरडले, "पाव्हनं, काय बी सांगू नका! पोरीला शब्द दिलाय, आधी तिच्याच तोंडून ऐकनार." मी ओठ घट्ट मिटले. पण चेहरा कुठे मिटता येतो? त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो," साडू म्हणाले. मग कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिले. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "न्हाई गं, मी कुठं जातोय? हितंच हाय."

आता त्या डोंगरांतही टॉवर आलेत. तरी त्या वाटेनं जाताना मी अजून तो दगड शोधतो. त्यांचं 'हितंच' म्हणजे नेमकं कुठे, हे मला दाखवता येत नाही. मस्कतला मात्र ते बरोबर कळलं होतं.