देणाऱ्याचा बोल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतंय की काय — असेलही. भित्र्या माणसाला परक्यांतच कंठ फुटतो.

अमरावतीत आमच्या मंडळाचं एक लहानसं वस्तुसंग्रहालय होतं. शाळेत इतिहास शिकवून उरलेल्या वेळात ते मी सांभाळायचो. दिवस कठीण होते. वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं आणि आमच्या अनुदानाचे कागद मधेच कुठं अडकले ते कुणालाच कळेना. कौलं गळायची, कपाटांना वाळवी लागायची. मी कडुलिंबाचा पाला वाळवून पुरचुंड्या ठेवायचो, तांब्यापितळेला चिंच लावायचो, लाकडाला जवसाचं तेल चोळायचो. हे सारं मनापासून करायचो. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही.

बघायला मात्र काळं कुत्रं येईना. तेव्हा मला एक युक्ती सुचली. लोकांकडूनच वस्तू मागायच्या, आणि वस्तूजवळच्या पाटीवर देणाऱ्याचेच शब्द लिहायचे — बोलला तसे, शुद्ध न करता. परतवाड्याच्या एका म्हातारीनं जातं दिलं. तिच्या पाटीवर मी लिहिलं, "याच्यावर दयता दयता माहा जलम गेला, सासूनं कदी बस म्हटलं नाही." लोक ते वाचायला येऊ लागले. जातं काय, घरोघरी होतं. पण म्हातारीचा बोल वाचून बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि एखादी हसता हसता गप्प व्हायची. मंडळात माझं कौतुक झालं. मीही जरा फुगलोच.

मग सोनाजीची काठी आली.

सोनाजी आमच्याच गावचा, अकोल्याकडचा. गावाचं नाव सांगत नाही. त्याच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या महारकी होती. घुंगरं बांधलेली उंच काठी हातात घेऊन गावाचे निरोप पोचवायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, रात्री पाटलाच्या दारावर उभं राहायचं, आणि सकाळी वाढतील त्या भाकरी घ्यायच्या. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली, त्याचं घर बौद्ध झालं, आणि सोनाजीनं ती काठी खाली ठेवली. गाव सोडून अकोल्याला तेलाच्या मिलमध्ये लागला. त्याच्या ओळखीच्या लोकांनी आपापल्या काठ्या चुलीत घातल्या होत्या. सोनाजीची शिल्लक होती. ती मी मागितली.

अकोल्यातल्या त्याच्या वस्तीतले लोक त्याच्यावर चिडले. द्यायची कशाला, जाळून टाक! पण त्यानं सगळ्यांना समजावलं — माझ्यासमोर समजावलं — "जाळून टाकली तं उद्या नातवाईले कसं समजन? तिथं आपलं बोलनं लिवून ठेवनार हायेत."

आणि मला म्हणाला, "लिवा मास्तर. हे काठी आमी मांगतली नोती, आमच्या हातात देल्ली होती. पाटलाच्या दारी माहा बाप हे घिऊन रातभर उभा राहे. आमी हे टाकून देल्ली."

मी म्हणालो, एक अक्षर बदलणार नाही.

पाटीवर मी लिहिलं — "घुंगरकाठी. ग्रामसेवेचे मानचिन्ह."

का लिहिलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अध्यक्षांना रुचलं नसतं. अण्णासाहेब आमचे अध्यक्ष, जुने वकील, वर्गणीदारांची मनं सांभाळणारे. त्यांच्या नावावर हे पाप खपवणं सोपं होतं. पण अण्णासाहेबांनी मला काही सांगितलं नव्हतं. ती पाटी त्यांनी लागण्यापूर्वी पाहिलीसुद्धा नव्हती. मानचिन्ह हा शब्द माझा. कुणी मागितला नव्हता, मी आपणहून शोधला.

सोनाजीच्या बोलण्यातला तो पाटील माझा आजा होता. ज्यानं मला खांद्यावर बसवून शेत दाखवलं, पहिली पाटी-पेन्सिल आणून दिली, तो आजा. म्हातारीच्या सासूबद्दल लिहिताना माझा हात अडला नाही. लोकांच्या आज्या-सासवांबद्दल वाटेल ते लिहीत होतो मी! फक्त माझ्या दाराशी आलं तेव्हा मला शुद्ध मराठी आठवली. आणि आणखी एक — आता लपवून काय करू — दीक्षेनंतर सोनाजीनं मला 'बापू' म्हणणं सोडलं होतं. 'मास्तर' म्हणायचा. तेही मला कुठंतरी टोचत होतं. इतका लहान माणूस मी.

एका रविवारी तो आला. एकटा नाही, वस्तीतली माणसं घेऊन, एस.टी.नं, बायका-पोरांसकट. पांढरे स्वच्छ कपडे घालून. आपलं लिहिलेलं बघायला आले होते ते. मी धावपळ करून चहा सांगितला. सोनाजी अलीकडेच वाचायला शिकला होता. काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागला. मा... न... चि... पुढच्या जोडाक्षराशी अडला. मागच्या एका पोरानं ते वाचून दिलं. सोनाजीनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पाटी उलटी आहे की काय, मागच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का, असं वाकून बघितलं. मग माझ्याकडं वळला.

मी म्हणालो, मंडळाचं तसं ठरलंय.

अण्णासाहेब आतल्या खोलीत बसले होते. तो सरळ त्यांच्याकडं गेला आणि झालेलं सगळं सांगितलं. न ओरडता. माणसं दारात उभी राहिली. अण्णासाहेबांनी ऐकून घेतलं आणि पेनचं टोपण काढलं. म्हणाले, शब्द दिला असेल तर आत्ता पाटी बदलू, त्यात काय एवढं! मास्तर, असं ठरलं होतं का?

मी बोलण्याआधी सोनाजीच म्हणाला, "मास्तराले इचारा ना सायेब. थे खोटं नाही बोलनार."

मी म्हणालो, नाही. असं काही ठरलं नव्हतं.

काय गेलं असतं माझं? नोकरी? ती शाळेत होती. अब्रू? त्या दारातल्या कुणाला माझा आजा ठाऊक नव्हता. पेन उघडं होतं. एक 'हो' म्हणायचं होतं.

अण्णासाहेबांनी टोपण लावलं. सोनाजीनं काठी परत मागितली. दान आलेली वस्तू नियमानं परत देता येत नाही, असं त्यांनी त्याला गोड शब्दांत समजावलं. मागं कुणीतरी पुटपुटलं — म्हनलं होतं, जाळ म्हून. सोनाजी मात्र माझ्याकडंच बघत होता. म्हणाला, "तुमच्या आज्यानं लय काही म्हटलं आमाले, मास्तर. खोटारडं नोतं म्हटलं."

ते गेल्यावर चहा आला. किटली भरून. मी पोऱ्याला पैसे दिले आणि चहा परत पाठवला.

पुढं गावाकडून कानावर येत राहिलं. वस्तीत सोनाजीचं कुणी ऐकेनासं झालं होतं. एरवी तंटे मिटवायला त्यालाच बोलवत. आता काही सांगायला तोंड उघडलं की लोक म्हणत, तूच ना पाटलाच्या नातवाले काठी नेऊन देल्ली? काही वर्षांनी तो वारल्याचं कळलं. अकोला काही लांब नाही. मी गेलो नाही.

आता राहिलेलं सांगतो. माझ्या हिशेबी हेच सर्वांत वाईट आहे.

खिडकीच्या उन्हानं ती पाटी फिकी पडली. मधल्या काळात अण्णासाहेबही गेले होते. नवी मंडळी झेंडावंदनापुरती यायची. एक दिवस दुपारी दालनात मी एकटाच होतो. काठीला तेल लावून झालं, घुंगरं पुसून झाली, आणि मी कोरं कार्ड घेऊन बसलो. सोनाजीची वाक्यं मला तोंडपाठ होती, मघाशी सांगितलीच. आता भ्यायला कुणी नव्हतं, विचारणारंही कुणी नव्हतं. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं — "घुंगरकाठी. ग्रामसेवेचे मानचिन्ह."

अक्षर सुरेख आलं. ते वाळू दिलं, कार्ड काचेमागं सरकवलं, आणि कुलूप लावून घरी जेवायला गेलो.