क्लॅरिनेटची गळती

क्लॅरिनेट गळतंय की नाही, हे मी ओठांनी ओळखतो. वरचा तुकडा घ्यायचा, खालचं तोंड तळहाताने दाबायचं, भोकं बोटांनी बंद करायची आणि वरून श्वास ओढायचा. भोकांवरचे पॅड नीट बसले असतील तर लाकूड ओठांना घट्ट चिकटतं. नसतील तर कुठूनतरी बारीक सुस्कारा येतो. नव्वदच्या आसपास पनवेलच्या माझ्या दुकानात लग्नातल्या बँडवाल्यांची क्लॅरिनेटं यायची, आणि ती सगळी मी अशीच तोंडाला लावायचो. फडक्याने पुसलं की झालं! किळस करत बसलो असतो तर धंदा कसला केला असता, कपाळ माझं?

करंजाकडचा एक वादक दिवाळीनंतर आला. दिवसा बंदरावर बर्फ फोडायचा आणि लग्नसराईत वाजवायचा. हळदीच्या वेळी त्याने लांब सूर धरला की म्हाताऱ्या बायकासुद्धा उठून नाचायच्या.

"मास्तर, वारा गलतंय. लांब सूर धरवत नाय."

मी तपासलं. लाकूड ओठांना असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. म्हटलं, "अरे बाबा, ठणठणीत आहे. उगाच माझं डोकं खाऊ नकोस."

तो हलेना. बँडच्या मालकाने त्याला बजावलं होतं, या सराईत सूर तुटला तर दुसरा माणूस बघीन. त्याचा पडलेला चेहरा बघून मी दोन चांगले पॅड काढले आणि दोन नवे बसवले. समाधानाने गेला. मीही खूश. गिऱ्हाईक म्हणतंय गळतंय, तर गळत असेल.

माघात परत आला. तीच तक्रार. या वेळी माउथपीसच्या आत आणि रीडवर, म्हणजे ज्या वेताच्या पातीवर सूर निघतो तिच्यावर, तांबूस डाग होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बँडवाल्यांची ही जुनीच खोड. विडा चघळत फुंकायचं आणि मग घासत बसायचं आम्ही!

"पान खाऊन वाजवतोस? लाज नाही वाटत?" मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो.

त्याने मान खाली घातली. जरासा हसला. "चुकलं मास्तर."

सदऱ्याच्या कॉलरमध्ये त्याची मान अगदी बारीक दिसत होती. चहा घेऊन आलेली माझी बायको मला आत बोलावून म्हणाली, "खोकतो केवढा तो! डॉक्टरकडे पाठवा की त्याला." मी म्हणालो, "मी वाद्यांचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही." फार हुशार समजत होतो ना स्वतःला!

वाद्यात काही सापडेना, तेव्हा मी वेगळीच शक्कल काढली. रीड तासून मऊ केली, म्हणजे फुंकायला जोर कमी लागेल. सूर पातळ झाला, पण मिरवणुकीच्या गोंगाटात कोणाला कळतंय? त्याने वाजवून पाहिलं. लांब सूर निघाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी छाती फुगवून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

होळीला तिसऱ्यांदा आला. मी रीड आणखी तासली, पार कागदासारखी. त्याने दोन ओळी वाजवल्या आणि स्टुलावर बसून राहिला. कपाळावर घाम. तेव्हा विचारायला हवं होतं. पण तो म्हणाला, "आता मस्त झालं, मास्तर," आणि मला तेवढं पुरलं.

त्यानंतर त्याची बायको आली. एकटीच. फडक्यात गुंडाळलेलं क्लॅरिनेट तिने माझ्यापुढे ठेवलं.

"त्यांनी पाठवलंय. दवाखान्यात हायत. वैशाखात लग्नं हायत, तवर रिपेर करून ठेवा, बोलले. वारा गलतंय."

मी सवयीने माउथपीस काढलं. आत तोच तांबूस थर, या वेळी जास्तच. "आधी पान सोडायला सांगा त्याला," मी म्हणालो.

"पान? ते कवाच पान नाय खात, मास्तर. सुपारीपन नाय."

ओठांपाशी नेलेला तुकडा तसाच हातात राहिला.

"गलतंय ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "कधीच गळत नव्हतं."

"मंग तीन डाव तुमी काय रिपेर केलंत?"

ती क्लॅरिनेट तिथेच ठेवून निघून गेली. तिला एसटीपर्यंत सोडायलाही मी उठलो नाही. स्टुलावर बसून राहिलो, आणि ओठ फडक्याने पुसत राहिलो.

वैशाख लागायच्या आतच तो गेला. त्याचा भाऊ वाद्य न्यायला आला तेव्हा, विकायचंय, जरा वाजवून दाखवा, म्हणाला. मी माउथपीस दोनदा स्पिरिटने पुसलं आणि जेमतेम चहा फुंकावा इतकंच फुंकलं. लांब सूर निघाला, न तुटता.